गुडघ्यामागची लवण रद्द झाली

नानशी प्रांताच्या वैद्यकचेरीत दर वसंतात परीक्षा होते. त्या वर्षीही ती वेळेवर झाली, शिस्तीत झाली, कुठलाही गैरप्रकार न होता झाली आणि सगळे उमेदवार नापास झाले.

परीक्षा पुतळ्यावर होत असे. पुतळा काशाचा, पुरुषभर उंचीचा, थेट राजधानीतून आलेला. जिथं जिथं वैद्य सुई टोचतात तिथं तिथं त्याच्या अंगाला बारीक भोकं होती. परीक्षेच्या सकाळी त्याच्या पोटात पाणी भरायचं, अंगाला मेण चोपडायचं आणि वरून झगा चढवायचा. उमेदवाराने झग्यावरूनच जागा ओळखून सुई खुपसायची. जागा बरोबर असली तर पाणी बाहेर येतं. चुकली तर सुई वाकते आणि उमेदवार पुढच्या वसंतात पुन्हा येतो. "पाणी वशिला ओळखत नाही," असं कचेरीचे प्रमुख फू यानझी अभिमानाने सांगत. पाण्याखेरीज कचेरीतल्या दुसऱ्या कुणाविषयी त्यांनी असं सांगितल्याचं ऐकिवात नाही.

त्या वर्षीचा प्रश्न सोपा होता. पाठ धरली आहे, सुई कुठं टोचाल? गुडघ्याच्या मागे, पाय दुमडतो तिथं जी लवण असते, तिच्या बरोबर मध्यावर. या जागेला वेईचुंग म्हणतात आणि आमच्याकडे हमालाच्या बायकोलासुद्धा ती ठाऊक असते. पहिला उमेदवार तान पेई पुढे आला, वाकला, झग्यावरून अंगठा फिरवला आणि सुई टोचली. सुई वाकली. त्याने दुसरी टोचली. तीही वाकली.

झालं होतं ते असं. नववर्षाला पुतळा चकचकीत दिसावा म्हणून तो विटांची पूड आणि शिरका लावून घासला होता. त्यातला एक गोळा लवणीतल्या भोकात जाऊन बसला आणि सुकून दगड झाला. घासणाऱ्याला ते दिसलं नाही, आणि ज्यांनी बघायला हवं होतं त्यांना पुतळ्याकडे फक्त समोरून बघायची सवय होती.

"साहेब, जागा बरोबर आहे," तान पेई म्हणाला.

"पाणी आलं का?" फू साहेबांनी विचारलं.

"नाही आलं. पण भोक बुजलेलं असेल."

"कुणाचं?"

"पुतळ्याचं."

दुय्यम अधिकारी लो यांनी हळूच शाई घोटायला घेतली. "या पुतळ्याच्या टाचेवर शाही शिक्का आहे," ते गोड आवाजात म्हणाले. "राजधानीतून आलेल्या वस्तूत खोट आहे, असं आपलं म्हणणं. लिहून घेऊ का?"

"नको," तान पेई म्हणाला आणि आपल्या दोन्ही वाकड्या सुया उचलून घरी गेला.

घरी त्याची बायको युनियांग कणीक तिंबत होती. सासरेही आलेले होते. सासरे म्हणजे शिरक्याच्या बाजारातले छू वैद्य. गाव त्यांना छूकाका म्हणतं. बाजारात दिवसभर शिरक्याचे रांजण वाहणाऱ्या हमालांच्या पाठी त्यांच्या सुयांवरच चालत.

"अहो, काय झालं?" युनियांगने विचारलं.

"लवणीत नापास."

"लवणीत? आमचं अर्धं घर लवणीवर उभं राहिलंय, आणि तुम्ही तिथंच आपटलात?"

छूकाका हसत उठले. "जावईबापू, पालथे पडा बघू." त्यांनी जावयाच्या गुडघ्यामागे अंगठा रोवला. तान पेई किंचाळला. "लागलं ना? मग आहे तिथंच आहे. पुतळ्याचं पुतळा बघेल."

पण पुतळ्याचं बघणं कचेरीला भाग होतं, कारण राजधानीतून विचारणा आली की नानशीत यंदा एकही वैद्य का झाला नाही. फू साहेबांची झोप उडाली. भोक मोकळं करायचं तर आधी ते बुजलंय हे कबूल करायचं. कबूल करायचं तर शाही वस्तूत दोष काढायचा. आणि शाही वस्तूत दोष काढणाऱ्याच्या मानेवर उपचार करणारा बिंदू अजून सापडलेला नाही.

मार्ग काढला तो लो यांनी. "साहेब, पुतळा चुकू शकत नाही, हे आपल्याला मान्य आहे."

"आहे."

"पुतळ्यात त्या जागी पाणी येत नाही, हेही आपण सगळ्यांनी पाहिलं."

"पाहिलं."

"मग ती जागाच नाही. उमेदवारांनी नसलेल्या जागेवर सुई टोचली आणि आपण त्यांना नापास केलं. आपण बरोबर, पुतळा बरोबर. प्रश्न तेवढा काढून टाकायचा."

"पण लो, शेजारच्या प्रांतातल्या पुतळ्यात तिथनं पाणी येतं."

"तो त्यांचा प्रांत, साहेब. त्यांच्या पायांबद्दल बोलणारे आपण कोण?"

आठवडाभरात चौकाचौकात जाहीरनामा लागला. 'नानशी प्रांताच्या हद्दीत वेईचुंग नावाचा बिंदू अस्तित्वात नाही. नागरिकांनी याची नोंद घेऊन गुडघ्यामागील भागाविषयी अफवा पसरवू नयेत.' मग परीक्षा पुन्हा झाली. पाठीचा प्रश्न वगळला होता. उमेदवाराने आत जाण्यापूर्वी वेईचुंग नसल्याच्या प्रतिज्ञेवर सही करायची होती. सगळे पास झाले. तान पेईला कमरेला बांधायचा वैद्याचा हिरवा पट्टा मिळाला.

"सही केलीत?" युनियांगने विचारलं.

"केली. नुसती सहीच तर करायची होती."

"बाबांपुढे जाऊन सांगा."

ते सांगायची वेळ त्याच्यावर लवकरच आली, आणि तीही कचेरीत, सगळ्यांसमोर. छूकाकांनी एका हमालाच्या लवणीत सुई टोचली, हमाल बरा झाला आणि बाजारभर उड्या मारत फिरला. बरं झाल्यावर माणसाने गप्प बसावं, पण ते कुणाला जमतं? छूकाकांना पकडून आणलं. लो यांनी चौकशी सुरू केली.

"सुई कुठं टोचलीत?"

"गुडघ्यामागं, लवणीत."

"ती जागा नाही."

"बरं बाबा. मग कुठंच टोचली नाही."

"कुठंच टोचली नाही आणि हमालाकडून मोबदला घेतला?"

"मोबदला कसला! कोबीचा एक गड्डा दिला त्याने."

"न केलेल्या उपचाराबद्दल गड्डा घेतलात. ही फसवणूक झाली."

"अहो, पण त्याची पाठ सुटली ना!"

"तेच तर वाईट आहे," लो कळवळून म्हणाले. "नसलेल्या जागी सुई टोचून पाठ सुटली, याला जादूटोणा म्हणतात. त्याची शिक्षा फार मोठी आहे, छूकाका. मला तुमच्याविषयी आदर आहे. काय लिहू? तुम्हीच सांगा."

छूकाकांनी थोडा विचार केला. "फसवणूक लिहा."

"पण नियमाप्रमाणे एका पट्टेधारक वैद्याची साक्ष लागते. तान पेई, तुम्ही सांगा. अशी जागा आहे?"

तान पेईने सासऱ्यांकडे पाहिलं. मग कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं. पट्टा नवा होता, अजून एकदाही धुतला नव्हता.

"मी ज्या परीक्षेत पास झालो," तो म्हणाला, "तिच्यात नव्हती."

छूकाकांच्या सुया जप्त झाल्या. दुसऱ्या दिवशी बोचकं बांधून ते नदीवरच्या पुलापलीकडे राहायला गेले, कारण पलीकडे दुसरा प्रांत लागतो. युनियांगही त्यांच्याबरोबर गेली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "चूल पेटवायची कशी, ते तुमच्या परीक्षेत असेल तर पेटवा."

हमालालाही तंबी मिळाली. ज्या पाठीवर उपचार झालाच नाही ती बरी झाली, असं म्हणता येणार नव्हतं. गरीब माणूस! शिपाई दिसला की तो कमरेवर हात ठेवून वाकून चालू लागे.

इथवर प्रकरण मिटायला हरकत नव्हती. परंतु वैद्यकचेरीच्या दप्तराची एक पद्धत असते: प्रत्येक तक्रारीसमोर उपचाराची जागा लिहावी लागते. पाठदुखीसमोर लिहायला जागा उरली नव्हती, आणि अर्धवट नोंद करणाऱ्या कारकुनाची बढती अडते. तेव्हा कारकुनांनी पाठदुखी लिहिणंच सोडून दिलं. लोक 'पाठ धरली' म्हणत येत आणि कारकून 'मन लागत नाही' असं लिहून मनाच्या बिंदूवर सुई टोचायला सांगत. वर्ष संपलं तेव्हा संपूर्ण प्रांतात पाठदुखीची एकही नोंद नव्हती. अहवाल राजधानीला गेला. राजधानीत तो वाचला गेला, हेच मुळात नवल. तिथनं उत्तर आलं: पाठदुखीचं समूळ उच्चाटन करणारा पहिला प्रांत म्हणून नानशीचा गौरव होणार, आणि गौरवपत्र घेऊन शाही दूत हौ साहेब स्वतः येणार.

हमालाला पुन्हा तंबी मिळाली. आता वाकून चालायचं नाही, पाठदुखी संपली आहे. वर्षभर हुकमाने वाकून आता हुकमाने ताठ होताना त्याची पाठ खरोखरच धरली.

गौरवाच्या दिवशी सकाळी फू साहेब समारंभाचे जोडे घालायला वाकले आणि अर्ध्यातून ताडकन सरळ झाले. कण्यातून कळ गेली. पाठ खांबासारखी ताठ झाली, पुढे नाही, मागे नाही. त्यांनी तान पेईला बोलावून घेतलं आणि दार लावायला सांगितलं.

"कुठं दुखतंय, साहेब?"

"कुठंच नाही," फू साहेब दात आवळून म्हणाले. "आज प्रांतात कुणाची पाठ दुखते म्हणालास तर तुझा पट्टा काढून घेईन."

"मग मला का बोलावलंत?"

"जिथं दुखत नाही, तिथं इलाज कर."

"कुठं टोचू?"

"तू कुठं टोचतोस ते मला माहीत नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो."

तान पेईला घाम फुटला. "साहेब, लेखी द्या."

"लेखी कसं देऊ, मूर्खा! जागाच नाही!"

"मग टोचू कसा? उद्या लो साहेब साक्षीला बोलावतील."

एवढ्यात वेशीवर सनया-नगारे वाजू लागले. फू साहेबांना दोन्ही बगलांत धरून वेशीवर नेऊन उभं केलं. शाही दुताची गाडी आली. मोडक्या रस्त्यांवरून कित्येक दिवस ती गाडी आदळत आली होती. दार उघडलं आणि हौ साहेब उतरले. म्हणजे त्यांचे पाय उतरले, त्यांच्यामागून डोकं उतरलं, ते कमरेच्याच उंचीवर होतं. शाही दुताची पाठ काटकोनात धरली होती.

शाही आज्ञापत्र हातात असलेल्या माणसापुढे प्रजेनं लवायचं असतं. इथं आज्ञापत्र लवलं होतं आणि प्रजा ताठ उभी होती.

"फू," हौ साहेब फू साहेबांच्या जोड्यांना उद्देशून म्हणाले, "तुम्ही लवत का नाही?"

"निरोगी पाठ ताठ असते, साहेब."

"म्हणजे आमची रोगी आहे?"

"छे छे! आपण आमच्या प्रांतात आहात. आमच्या प्रांतात पाठ दुखतच नाही."

"अरे, मेलो मी!" दूत ओरडले. "कुणीतरी लवणीत सुई टोचा रे!"

लो पुढे झाले आणि दोघांच्या मधोमध, म्हणजे कुणापुढेही नाही असे अदबीनं वाकले. "क्षमा असावी. तशी जागा आमच्याकडे नाही."

"माझी जागा मी राजधानीतून घेऊन आलोय!"

"हद्दीत शिरल्यावर स्थानिक नियम लागू होतात, साहेब."

सनईवाले वाजवतच होते, कारण थांबायचा हुकूम द्यायला कुणी मोकळं नव्हतं. तेव्हा तान पेईने खाली मान घालून सांगितलं, "पुलापलीकडे जागा आहे. पलीकडचा प्रांत वेगळा."

"टोचणार कोण?" फू साहेबांनी विचारलं.

"माझे सासरे."

मिरवणूक पुलाकडे वळली. शाही दुताला खुर्चीत कोंबून नेलं. फू साहेबांना बसता येईना, म्हणून हातगाडीवर उभं करून दोरीने आवळलं. लोकांना वाटलं हा गौरवाचाच भाग, त्यांनी फुलं टाकली.

छूकाकांच्या अंगणात युनियांग दोरीवर शेवया वाळत घालत होती. तिने आधी गाडीवरचा खांब पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"बाबा," तिने आत हाक दिली, "तुमच्या सुया ज्यांनी नेल्या होत्या, ते लोक आलेत."

"सुया घेऊन आलेत का?"

"नाही. हात हलवत आलेत."

छूकाका बाहेर आले. "मग अवघड आहे. माझ्याकडे आता एकच सुई आहे. गोण्या शिवतो तिनं."

फू साहेबांचा चेहरा पांढरा पडला. युनियांगला हसू आवरेना. तिने कमरेच्या कापडातून एक छोटी पुडी काढली. "घ्या बाबा. ह्या मी जप्तीच्या दिवशी लपवल्या होत्या. नका छळू म्हाताऱ्यांना."

आधी दुताला पालथं घातलं. सुई गेली, फिरली, थोडा वेळ राहिली; हौ साहेबांनी मोठा सुस्कारा टाकला आणि ते हळूहळू माणसाच्या आकारात आले. मग फू साहेब. छूकाकांनी आधी अंगठा लवणीत रोवला.

"आई गं!"

"काय झालं, साहेब? तिथं तर काही नाही."

"अहो, आता आपण पलीकडे आहोत ना!"

"असं होय," छूकाका म्हणाले आणि सुई जरुरीपेक्षा जरा आत घातली.

दोघंही चहा प्यायला बसले तेव्हा छूकाकांनी हात जोडले. "हौ साहेब, आपण मोठे आहात. पुतळ्याच्या भोकात एक तार घालून फिरवली तर हे सगळं सुटेल. घटकाभराचं काम आहे."

हौ साहेबांनी चहाची वाटी खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता. "म्हातारबुवा, तुमचं खरं आहे," ते म्हणाले. "पण पुतळा ज्यांनी पाठवला ते आता फार वर बसलेत. आणि हे गौरवपत्र माझ्या हातात आहे. ते परत न्यायचं तर कारण द्यावं लागेल. पत्र देऊन टाकलं, तर कारण लागत नाही."

मग सगळे पूल ओलांडून परत गेले. फू साहेबांनी तीनदा गुडघे टेकले, नऊदा कपाळ टेकलं, आणि इतकं लवचिक लवणं आमच्या चौकात त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. गौरवपत्र पुतळ्याच्याच गळ्यात घातलं.

तेव्हापासून पुलावर रहदारी फार वाढली. सकाळी हमाल जातात, दुपारी दुकानदार, आणि संध्याकाळी पडदे लावलेल्या पालख्या. पलीकडे छूकाकांच्या दारात चटया पसरल्या आहेत, शेजारी वाफाळत्या बनपावांचं दुकान निघालं आहे. नानशीला दर वर्षी गौरवपत्र मिळतं. कुणाचीच तक्रार नाही. तक्रार करायला पूल ओलांडावा लागतो आणि ओलांडला की तिचं कारण राहत नाही.

तान पेई आता परीक्षक झाला आहे. तासन्‌तास बसून त्याचीही पाठ धरते. तो रोज संध्याकाळी पलीकडे जेवायला जातो आणि जेवण झाल्यावर युनियांग त्याच्या लवणीत अंगठा दाबते. अजून ती त्याच्याशी मोजकंच बोलते.

"जावईबापू, इथंच राहा की आता," छूकाका एकदा म्हणाले.

"कसा राहू, बाबा? पुढच्या महिन्यात परीक्षा आहे."

"काय विचारणार या वेळी?"

"सगळं. पाठीचं सोडून."

युनियांगने अंगठा काढून घेतला आणि भांडी घासायला गेली. तान पेई उठला, कमरेवर हात ठेवून पुलापर्यंत आला. मधोमध हद्दीचा दगड आहे. तिथं पोचल्यावर त्याने कमरेवरचा हात काढला आणि ताठ चालत घरी गेला. त्याला विचारलं तर तो शपथेवर सांगेल, दगड ओलांडून नानशीत शिरलं की खरंच दुखत नाही.

हे वाचताना तुमचा हात एकदा गुडघ्यामागे जाऊन आलाच असेल. लवण सापडली का? सापडली असेल तर उत्तमच. मात्र दाबण्याआधी ती तुमच्याकडे मंजूर आहे की नाही, एवढं कुणाला तरी विचारून घ्या. तुम्ही विचाराल, याची मला खात्री आहे. आणि 'नाही' म्हणाले तर तुमचं दुखणंही थांबेल, याचीसुद्धा.